भिंतीवरचा पट

माझगावला, गोदीच्या कामगार हॉलमध्ये
मी भिंतीवर बुद्धिबळ टांगायचो.
प्लायवूडचा पट, चौसष्ट खिळे,
पुठ्ठ्याच्या सोंगट्या, आणि एक बांबू,
टोकाला तारेचा आकडा.
खाली टेबलावर घडेल ते वर चढवायचं.
दिवसाला आठ रुपये, दोन वेळचा चहा.
खेळ जेमतेम यायचा,
घोड्याची अडीच घरं तेवढी पाठ.

पांढरी घेऊन सोहराब कात्रक, बँकेतले,
बसायची उशी घरून आणणारे.
काळी घेऊन इंदुमती पागधरे,
कस्टम्समधली टायपिस्ट,
डबा टेबलाखाली, चपला काढलेल्या,
एका पावलावर दुसरं पाऊल.

त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं.
तिनं वजिरापुढचं, तितकंच,
थांबलीसुद्धा नाही.
"सेंटर काउंटर," कुणीतरी म्हणालं,
लग्नात स्टीलचं भांडं आलं की म्हणतात
त्या आवाजात.

प्याद्यानं प्यादं मारलं, वजिरानं ते प्यादं मारलं.
दुसऱ्याच चालीला वजीर भर बाजारात.
मी तो बांबूनं उचलला तेव्हा
खुर्च्यांमधून हसू वर आलं.
घोडा अंगावर धावला, वजीर पार कडेला गेला
आणि तिथं बसून राहिला,
पाहुणा ज्या खुर्चीत बसतो तिथं.
पांढऱ्यांकडचे सगळे हळूहळू बाहेर पडले,
उंट, दुसरा घोडा, पुन्हा उंट.
आठव्या चालीला घोडा मधोमध उडी मारून बसला,
त्याच्यामागच्या उंटाची वाट उघडली,
आणि वजीर निमूट
निघाला होता त्याच घरी परत.
मी त्याला त्याच खिळ्याला अडकवला.
"आली बाई घरी," मागून एकजण.
तिनं चाल लिहून ठेवली.
अक्षर टाइप केल्यासारखं.

पुढच्याच चालीला घोड्यानं शह देत तिचा घोडा घेतला,
वजिरानं तो घोडा घेतला.
या खेपेला तो बाहेर पडला
तो मारतच.
हे कुणी मोजलं नाही. मीही नाही,
माझे हात भरून आले होते.

सात वाजता खेळ थांबला, चाळीस चाली झालेल्या.
तिनं पुढची चाल कागदावर लिहिली,
लिफाफ्याची कडा जिभेनं ओली केली,
आणि पंच गुळवण्यांच्या हातात दिली.
मी हॉलमध्येच झोपायचो.
रात्री बंदराकडून वारा आला,
टप् असा आवाज झाला:
काळा वजीर फरशीवर.
दिवे बंद, माझ्याकडे काडेपेटी होती ओली.
अंदाजानं टांगला.

सकाळी हॉल भरला, आणि सगळ्यांना दिसलं
वजीर फुकट पडलाय.
कुजबुज, मग हसू, मग चक्क बोटं.
गुळवण्यांनी लिफाफा फाडला:
कडेचं प्यादं, एक घर.
इकडे वजीर मरतोय
आणि ही प्यादं सरकवते!
कात्रक मात्र वर बघत नव्हते.
समोरच्या लाकडाकडे बघत
रुमालानं मान पुसत होते.
आणखी दोन चाली. मग त्यांनी
घड्याळ थांबवलं, हात पुढे केला.
टाळी कुणालाच सुचेना.

तिनं चपला घातल्या, डबा उचलला,
माझ्याजवळ आली.
बांबू काढून घेतला माझ्या हातातून,
वजीर उचलून एक घर उजवीकडे लावला,
बांबू परत दिला.
"वारा होता का रात्री?"
मी हो म्हणालो.
"पंखा वाटला मला," म्हणाली, आणि गेली.
मागून, उशिरा, टाळ्या.

गुळवण्यांनी आठातले दोन कापले. बरोबरच होतं.
आताशा नातीबरोबर खेळतो.
काळी मिळाली की दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर.
ती म्हणते, आजोबा, हे चुकीचं आहे.
बहुतेक वेळा हरतोच.